भोसरीच्या गाळ्यातलं बोटीचं कार्ड

सोमवार, रत्नागिरी

टगवरच्या, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-रेटणाऱ्या आमच्या बोटीवरच्या, अलार्म पॅनेलमधलं एक कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) बिघडलं, आणि ते बनवणाऱ्यांनी ते बनवणं कधीच थांबवलंय. आमची अडचण एवढीच, पण तिच्यापायी टग जयगडला धक्क्याला बांधून ठेवावी लागली होती.

हे कार्ड इंजिनावरच्या सोळा सेन्सरांचं ऐकतं: वंगणतेलाचा दाब, थंड पाण्याचा दाब, गिअरबॉक्सचं तेल, असं सगळं. प्रत्येक सेन्सर 4 ते 20 मिलिॲम्पिअर करंट पाठवतो. कमीत कमी माप 4 ला धरतात, कारण मग करंट शून्यावर आला की तार तुटली हे पॅनेलला लगेच कळतं. आमच्या कार्डावर पहिले आठ चॅनेल नीट चालत होते, पुढचे आठ मध्येच उड्या मारायचे. तेलाचा दाब क्षणभर खाली गेलेला दिसला की यंत्रणा इंजिनाचे फेरे आपोआप उतरवते. भल्यामोठ्या जहाजाला धक्क्याकडे रेटत असताना टगचं इंजिन असं मान टाकायला लागलं, तर दोरावरच्या माणसांच्या जिवाशी गाठ असते. म्हणून कॅप्टननेच टग थांबवली. त्याचं बरोबर होतं.

निघण्याआधी बोटीवर जेवढं करता येतं तेवढं केलं होतं. लूप कॅलिब्रेटर लावून सेन्सरच्या जागी स्वतः करंट सोडला, तरी आकडे उडतच राहिले. म्हणजे दोष सेन्सरांचा किंवा तारांचा नव्हता. मग शेजारच्या खणातलं तसंच कार्ड आणि हे कार्ड यांची अदलाबदल केली. कार्डाचा पत्ता डिपस्विचवर, म्हणजे कार्डावरच्या बारीक खटक्यांवर, लावलेला असतो, तोही बदलावा लागतो, नाहीतर पॅनेल भलत्याच सेन्सरचं नाव घेऊन ओरडतं. अदलाबदलीनंतर दोष कार्डाबरोबर दुसऱ्या खणात गेला. आता शंका उरली नाही.

आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवली होती. पॅनेलचा पुरवठा बंद करून पुन्हा दिला की पहिला तासभर उड्या जास्त, आणि पॅनेल गरम होत गेलं की हळूहळू कमी. पुढे सगळं उकललं ते याच नोंदीमुळे.

मूळ बनवणाऱ्यांच्या सेवाकेंद्राने पूर्ण पॅनेल बदलायचा प्रस्ताव पाठवला. रक्कम लाखांत, आणि सामान यायला काही महिने. त्याच वेळी भोसरीतल्या एका व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. तेच कार्ड, तीन नग, अलंगला तोडलेल्या जहाजातून काढलेलं. रात्रीची स्वारगेटची एसटी पकडली. पाठपिशवीत आमचं बिघडलेलं कार्ड, ड्रॉइंगच्या झेरॉक्स, कॅलिब्रेटर आणि मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा.

मंगळवार, भोसरी

कुंभार्ली घाट झोपेत गेला. स्वारगेटला उतरलो तेव्हा मार्गशीर्षातली थंडी चांगलीच झोंबत होती. कोकणातल्या माणसाला पुण्याची पहाट दरवेळी नव्याने समजते. चहा घेतला आणि थेट मेट्रोत बसलो. स्वारगेटहून नाशिक फाट्याला, म्हणजे भोसरी स्टेशनला, आता गाडी न बदलता जाता येतं. शिवाजीनगरपर्यंत जमिनीखालून, मग वर उजेडात, खडकी, बोपोडी, मुळा ओलांडून दापोडी.

खडकी आली की मी खिडकीबाहेर बघतोच. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून इथे आहे, आणि त्यांची इंजिनं बोटींवरही असतात. रात्री चिंचवडला आत्याकडे टेकलो तेव्हा तिने विचारलंच, "अरे, समुद्र तुमच्याकडे, आणि बोटीचं सामान शोधायला तू पुण्यात कसा?" तिला म्हटलं, आत्या, नौदलाची इंजिनवाली मंडळी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत घडतात, 1945 पासून. तळेगावजवळ इंदुरीला मर्चंट नेव्हीचे इंजिनिअर तयार होतात. आणि कारखान्यांची कार्डं दुरुस्त करणारी माणसं तर भोसरी-पिंपरीत गल्लोगल्ली आहेत. सीएनसी मशीनचं कार्ड असो की बोटीचं, आतला कॅपॅसिटर तोच असतो. तिला पटलं की नाही कुणास ठाऊक, पण गरम भाकरी वाढली.

तर गाळा. एमआयडीसीच्या एका आतल्या रस्त्यावर, बाहेर पाटी नाही. आत लोखंडी मांडण्यांवर रडारचे डिस्प्ले, गव्हर्नरचे डबे, स्टार्टरचे कॉन्टॅक्टर, जहाजावरचे टेलिफोन. अलंगला 1983 पासून जहाजं तोडतात. खंबातच्या आखातात भरती इतकी उंच चढते की जहाज स्वतःच्या इंजिनावर किनाऱ्यात घुसवता येतं. तिथे लोखंड टनावर विकलं जातं, आणि पॅनेलमधली कार्डं लॉटमध्ये वेगळी निघतात. या शेठनी तसे लॉट घेतलेले.

कार्डं गोणपाटावर मांडली होती. हे बघून वाईट वाटतं. सीमॉसच्या चिपा हाताच्या स्थिर विजेनेही दुखावतात, आणि दुखावलेली चिप लगेच मरत नाही, चार महिन्यांनी भर समुद्रात मरते. शेठना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि आतून काळ्या पिशव्या काढून दिल्या.

तिन्ही कार्डांचा पार्ट नंबर तंतोतंत आमचाच. पण नंबराच्या शेवटी एक अक्षर असतं, ते कार्डाची रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, सांगतं. आमचं 'सी'. इथे दोन कार्डं 'ई' आणि एकच 'सी'. 'ई'ची दोन्ही बघत राहावी अशी, चकचकीत, एकाला तर कॅलिब्रेशनचं स्टिकरही शाबूत. 'सी'चं कार्ड मात्र गरीब दिसत होतं. मागच्या चौसष्ट पिनांच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज, एका कोपऱ्यात खारट पांढरे डाग.

शेठ म्हणाले, "साहेब, ई घ्या. नवीन रिव्हिजन म्हणजे सुधारलेला माल."

असा सरप्लस, म्हणजे मोडीतून निघालेला, माल घेताना सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते या वाक्यावर. मी तिन्ही कार्डं आळीपाळीने उजेडात तिरकी धरली. बोटीच्या कार्डावर ओल आणि मिठापासून वाचवायला पारदर्शक लेप असतो. तो सगळीकडे सारखा चमकायला हवा. जिथे चमक तुटते किंवा डाख लेपाच्या वर दिसतो, तिथे कुणीतरी आधी हात घातलेला असतो. एका 'ई'वर असा हात दिसला, एका रिलेभोवती. दुसरं 'ई' आणि 'सी' अस्पर्श होते. 'सी'वरचा गंज कनेक्टरवरच थांबला होता, लेपाखाली शिरला नव्हता. पट्ट्यांचं तांबं स्वच्छ.

पैसे दिले नाहीत. थोडी अनामत ठेवून 'ई' आणि 'सी' एकेक तपासायला घेतलं, आणि चालू झाल्याशिवाय व्यवहार नाही असं ठरलं. पक्क्या जीएसटी बिलाचंही तेव्हाच बोलून घेतलं. मागून ते मिळत नाही, आणि बिलाशिवाय आमच्या ऑफिसात कार्डाला जन्मच नसतो.

बुधवार, काकांचं टेबल

भोसरीतच, दोन गल्ल्या सोडून, एक काका कार्डं दुरुस्त करतात. आयुष्य या कामात गेलेलं. टेबलावर रबराची चटई, व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, कुरकुर न करणारं जुनं सोल्डरिंग स्टेशन, आणि भिंतीवर ज्ञानेश्वर माउलींचा फोटो. मी सकाळी लवकर गेलो, आणि ते मुद्दामच. वहीतली नोंद डोक्यात होती: थंड असताना वाईट, गरम झाल्यावर बरं.

काकांना ती नोंद वाचून दाखवली. त्यांनी कार्डाकडे बघितलंही नाही. म्हणाले, "कॅपॅसिटर. थंडीत आखडलेत."

कॅपॅसिटर वीज साठवून पुरवठ्यातले चढउतार सपाट करतो. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कॅपॅसिटरमध्ये ओला द्रव असतो. वर्षानुवर्षं तो सुकत जातो आणि कॅपॅसिटरचा आतला रोध वाढतो. गार असताना हा रोध आणखी चढतो, ऊब मिळाली की उतरतो. म्हणून बिघाड गरम झाल्यावर झाकला जातो आणि माणसाला वाटतं आपोआप बरं झालं. गरम झाल्यावर चिघळणारा दोष असता, तर शोध चिपांकडे किंवा तडकलेल्या डाखांकडे न्यावा लागला असता.

पण काकांनी नुसत्या अंदाजावर सोल्डरिंग आयर्न तापवलं नाही. आमच्या कार्डाला 24 व्होल्ट दिले, पुरवठ्यावर करंटची मर्यादा बांधून, म्हणजे कुठे शॉर्ट असला तर धूर निघायच्या आत पुरवठा हात आखडता घेतो. मी कॅलिब्रेटरने दहाव्या चॅनेलवर 12 मिलिॲम्पिअर सोडले. आत 250 ओहमचा अचूक रेझिस्टर आहे, त्यामुळे 4 ला 1 व्होल्ट, 12 ला 3, 20 ला 5. मीटरवर 3 व्होल्ट आले, ठाम, न हलता. म्हणजे दाराशी सगळं ठीक. दोष आत.

पुढे आठ चॅनेल एका मल्टिप्लेक्सर चिपमधून जातात, ती एका वेळी एकच चॅनेल निवडून पुढे सोडते, आणि दुसऱ्या आठांसाठी दुसरी चिप. या दुसऱ्या चिपला लागणारे अधिक आणि उणे 15 व्होल्ट कार्डावरच्याच एका छोट्या कन्व्हर्टरमधून येतात. काकांनी ऑसिलोस्कोपची सुई उण्या 15 व्होल्टवर टेकवली. सरळ रेघ दिसायला हवी होती, तिथे करवतीचे दात दिसले. "थांब," म्हणाले. गारव्याचा स्प्रे घेतला आणि एकाच कॅपॅसिटरवर निमिषभर मारला. त्याच्या टोपीवर पांढरं दंव धरलं आणि पडद्यावरचे दात दुप्पट उंच झाले. मग केस वाळवायच्या ड्रायरची ऊब दिली. दात हळूहळू बसले. पुन्हा स्प्रे, पुन्हा दात. शेजारच्या कॅपॅसिटरवर स्प्रे मारला तर काही फरक नाही.

मी या कामात बरीच वर्षं आहे, पण दोष असा बोट ठेवून दाखवला जातो तेव्हा आजही अंगावर काटा येतो.

त्या थंडीचेही आभार मानायला हवेत. जयगडच्या उकाड्यात हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

मग 'सी' आणि 'ई'चा प्रश्न. आमच्या आणि आणलेल्या दोन्ही, अशा तिन्ही कार्डांवर खिडकीवाली ईप्रॉम, म्हणजे प्रोग्राम साठवणारी चिप, होती, 27सी256, बत्तीस किलोबाइटची. खिडकीवरचं स्टिकर काढायचं नाही, अतिनील प्रकाशाने आतलं पुसलं जातं. काकांनी प्रोग्रामरवर तिन्ही वाचल्या, फाइली जपून ठेवल्या आणि चेकसम, म्हणजे फाइली सारख्या आहेत का ते सांगणारे आकडे, काढले. आमच्या आणि सरप्लस 'सी'चा चेकसम एकच. 'ई'चा वेगळा. शिवाय 'ई'वर ज्या जागी जंपर हवेत तिथे डाखलेल्या तारा होत्या. म्हणजे 'ई' सुधारलेलं असेलही, पण ते सुधारलेल्या मुख्य कार्डाशी बोलण्यासाठी. आमचं मुख्य कार्ड जुनं. 'ई' लावलं असतं तर पॅनेलने ते ओळखलं तरी असतं किंवा नसतं, आणि अलार्मच्या यंत्रणेत 'तरी' चालत नाही.

तेव्हा ठरलं: दिसायला वाईट, तेच घ्यायचं.

परतताना मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात डोकावलो, बुधवारचा भरलेला होता. कार्डं उभी धरायला एक रिकामी ॲल्युमिनियमची रॅक मिळाली, बाकी बघण्यासारखं पुष्कळ, घेण्यासारखं काही नाही.

गुरुवार, तापकीर गल्ली

गुरुवारी भोसरीची एमआयडीसी बंद. पुण्यात काम काढणाऱ्या बाहेरच्या माणसाने हे आधी लक्षात ठेवावं. आत्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारची घट मांडायची गडबड चालू होती, मी तिच्या पायांत न येता कसबा पेठ स्टेशन गाठलं आणि चालत बुधवार पेठेत शिरलो. दत्तमंदिराशी रांग लागलेली.

तापकीर गल्लीत मी कॉलेजपासून येतो. वायरी, स्विच, मोटारी, आणि त्यांच्यामध्ये अशी अरुंद दुकानं की जिथे भिंतभर डबे आणि डब्या-डब्यात रेझिस्टर. यादी छोटी होती. चौसष्ट पिनांचा डीआयएन 41612 कनेक्टर, मोजकेच कॅपॅसिटर, लेपाचा स्प्रे.

कनेक्टर दुसऱ्याच दुकानात मिळाला. कॅपॅसिटरला वेळ लागला, आणि लागू द्यावा. 85 अंशांचे आणि 105 अंशांचे शेजारी शेजारी पडलेले असतात, दिसायला सारखेच. तापमान दहा अंशांनी उतरलं की यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, चढलं की निम्मं, म्हणून 105 चेच हवेत. खोटे छापही बाजारात असतात. मी खिशातून कॅपॅसिटरचा आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर काढला आणि दुकानदाराच्या समोरच एकेक मोजला. तो रागावला नाही. उलट म्हणाला, "मोजून घेणारा परत येतो, भांडायला येत नाही." त्याच्या एका डब्यातले सगळे नग सारखे भरले, ते घेतले. दुसऱ्या डब्यातले कमी-जास्त निघाले, ते त्याने स्वतःच बाजूला ठेवले.

सरप्लस 'सी'साठीही कॅपॅसिटर घेतले. हा मुद्दा जोर देऊन सांगावासा वाटतो. तुटलेल्या जहाजातलं कार्ड आपल्या कार्डाएवढंच म्हातारं असतं. त्यातले कॅपॅसिटर त्याच सालचे, आणि वर अलंगच्या पत्र्याखाली उन्हाळे काढलेले. ते तसंच लावलं तर आपण जुना बिघाड विकत आणतो, फक्त थोडी वर्षं पुढे ढकललेला.

दुपारी काकांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या पॅनेलमध्ये हे कार्ड कुठल्या खणात होतं?" सर्वांत वरच्या, पॉवर सप्लायच्या बरोबर डोक्यावर. "आणि पंखा?" मी बोटीवर फोन लावला. आमच्या इलेक्ट्रिशियनने पॅनेलचं मागचं दार उघडून बघितलं. पंखा जाम. जाळीवर तेलाच्या वाफेचा आणि धुळीचा थर.

कार्ड का गेलं याचं उत्तर ते होतं. हे कळलं नसतं तर मी चांगलं कार्ड नेऊन त्याच भट्टीत ठेवलं असतं.

शुक्रवार, पुन्हा टेबल

जुना कनेक्टर काढणं हे आजचं खरं काम. चौसष्ट पिना एकदम तापवून ओढल्या तर भोकांतलं तांबं उपटून येतं, आणि हे चार थरांचं कार्ड, आतला थर तुटला तर संपलं. काकांनी आधी कनेक्टरचं प्लॅस्टिक कटरने तुकड्या-तुकड्याने कापलं. मग एकेक पिन सुटी, चिमट्यात धरून, फ्लक्स लावून, डाख वितळताच अलगद. मागे तांब्याच्या जाळीने भोक साफ. प्रत्येक पिनेला तोच सावकाशपणा. मी पिना मोजून वाटीत टाकत होतो, आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

नवा कनेक्टर बसला, कॅपॅसिटर बदलले, सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, वाळवलं. पुरवठा दिला. करंट वाजवी, उण्या 15 व्होल्टची रेघ सरळ. मग एकेका चॅनेलवर 4, 8, 12, 16, 20, आणि शेवटी तार काढून शून्य. सोळाही चॅनेल. हाच पूर्ण क्रम आमच्या मूळ कार्डावरही, कारण तेही आता दुरुस्त होतं. दोन्ही कार्डांवर गारव्याचा स्प्रे मारून बघितला आणि रेघ हलली नाही. मगच दुरुस्तीच्या जागी लेप मारला.

शेठकडे जाऊन 'ई' परत केलं, 'सी'चे पैसे दिले, पक्कं बिल घेतलं. सेवाकेंद्राने सांगितलेल्या रकमेपुढे हा आकडा किरकोळ होता. काकांनी मजुरी सांगितली ती मला कमी वाटली, वाढवून दिली. त्यांनी दोन्ही कार्डांचा चाचणीचा कागद स्वतःच्या हाताने लिहून सही करून दिला, मोजलेल्या आकड्यांसकट.

शनिवार, जयगड

पहाटे पोचलो. आधी पंखा बदलला, जाळी धुतली, पॅनेलच्या आत थर्मामीटर लटकवला. मग मूळ कार्ड दुरुस्त होऊन त्याच्याच खणात गेलं, आणि सरप्लस 'सी' सुटं म्हणून काळ्या पिशवीत, डिपस्विच आधीच योग्य पत्त्यावर लावून. रात्री-अपरात्री कुणाला ते लावावं लागलं तर स्विचचा विचार करायला लागू नये.

सुरक्षेच्या यंत्रणेत दुरुस्त केलेला भाग बसवला की क्लासला, म्हणजे जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला, कळवावंच लागतं. सर्व्हेयरसमोर प्रत्येक अलार्म आणि फेरे उतरवण्याची क्रिया खोटा करंट सोडून करून दाखवायची आहे. तोवर टग बांधलेलीच राहील, आणि कॅप्टनची त्याला ना नाही. काकांचा कागद आणि बिल फायलीला लावलं.

रॅकमधली बाकीची कार्डंही त्याच सालची आहेत. पुढच्या ड्रायडॉकला, म्हणजे बोट दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर घेतली जाईल तेव्हा, ती एकेक करून बाहेर काढायची आणि त्यांचे कॅपॅसिटर बदलायचे असं चीफ इंजिनिअरशी बोलून ठरवलंय. 105 अंशांचे नग तापकीर गल्लीत फोनवरून सांगून ठेवले आहेत, त्याच डब्यातले.